घरचे आहेतच

“एवढं अगत्यानं बोलावलं आणि खुर्ची दिली ती तीन पायांची,” आई माझ्या कानाला लागून पुटपुटली. “चौथा नुसता शोभेला लावलाय.”

“हळू बोल, ऐकतील.”

“ऐकू देत की. आमचं ऐकायलाच बोलावलंय म्हणे.”

मी माझी खुर्ची तिला दिली आणि तिची डुगडुगती ओढून घेतली. आमच्या दोघींचं हे असंच चालतं. आई कशाची तरी तक्रार करते, मी काहीतरी बदलून देते, आणि खरं दुखतंय कुठं ते कुणीच कुणाला विचारत नाही.

केंद्राची ती खोली म्हणजे मुळात एक गोदाम. छत उंच, खिडक्या त्याहून उंच, त्यामुळे भर सकाळी दिवे लावावे लागतात. भिंतीला पुठ्ठ्याचे गठ्ठे टेकवलेले, त्यांचा कोरडा वास सगळीकडे भरलेला. खोलीच्या पलीकडच्या अर्ध्या भागात लांबलचक टेबलाशी मुलं बुटांची खोकी करत बसली होती. मुलं म्हणजे आपलं म्हणायचं. माझा धाकटा भाऊ गुंड्या चाळिशीला आलाय, कानाजवळ पांढरा झालाय. पण केंद्रात सगळी मुलंच. त्यांची समज लहानपणीच कुठंतरी थांबली, म्हणून आम्ही त्यांचं वय मोजायचं सोडून दिलं. आणि त्या नादात आमचंही.

ज्या संस्थेच्या पैशावर केंद्र चालतं तिच्या मदतीची मुदत या वर्षाअखेर संपत होती. जागेचं भाडं, मुलांना घरून आणणारी गाडी, केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंचा पगार, सगळं त्यांच्याकडूनच येतं. पुढं चालू ठेवायचं की कुलूप लावायचं, हे ठरवण्यासाठी त्यांनी एक मॅडम पाहणीला पाठवल्या होत्या. कुलूप लागलं तर गुंड्या दिवसभर घरी, आईपाशी. आईचं हृदय आताशा जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून पुढं जायचं की नाही याचा विचार करतं. गुंड्याचा हात तिनं धरला, तर कोण कुणाला सावरतंय ते लांबून कळत नाही.

आणि तिच्यानंतर? तो विषय आमच्या घरात निघत नाही. फक्त मी भेटायला गेले की आई मला गुंड्याची एक तरी नवी गोष्ट सांगते. त्याला पाणी कोमटच लागतं, गरम चालत नाही. झोपताना बाहेरच्या खोलीतला दिवा चालू ठेवावा लागतो. रडायला लागला तर का म्हणून विचारायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. शेजारणीनं एखादा पदार्थ कसा करायचा ते सांगावं, त्या सुरात सांगते. मीही ‘हो का?’ म्हणत त्याच सुरात ऐकते. करून बघायची वेळ आपल्यावर थोडीच येणारे, अशा बेतानं.

मॅडम वयानं माझ्याहून लहान. आवाज मऊ, चपला न वाजणाऱ्या. त्यांनी भिंतीवर मोठा खाकी कागद चिकटवला होता आणि त्यावर डावीकडून उजवीकडे रिकाम्या चौकटी काढल्या होत्या. प्रत्येक चौकटीतून पुढच्या चौकटीकडे बाण. पहिल्या चौकटीत आपण काय घालतो, दुसरीत काय करतो, तिसरीत हाती काय लागतं, चौथीत त्यानं काय बदलतं, आणि अगदी उजवीकडे, जाड रेघेची, शेवटची चौकट. हे सगळं कशासाठी, ते तिथं लिहायचं. कुठल्याही उपक्रमाचा असा तक्ता काढतात म्हणे. तक्त्यातले बाण खरे ठरले तर उपक्रम चांगला.

खरं तर संस्थेनं मॅडमना तयार तक्ता देऊनच पाठवलं होतं. त्याच्या शेवटच्या चौकटीत छापलेलं होतं, ‘स्वतंत्र जगणं’. म्हणजे मुलांनी काम शिकायचं, मग बाहेर नोकरी धरायची, मग आपल्या आपण वेगळं राहायचं. त्या हिशेबानं जितकी मुलं केंद्र सोडून गेली तितकं केंद्राचं यश. आमच्याकडून इतक्या वर्षांत कुणी गेलं नव्हतं. नाही म्हणायला एक जण गेला, पण तो वरच गेला. ते काही यशात धरत नाहीत.

पुढचं मला मोठ्या बाईंनी फोनवर सांगितलं. मॅडमनी आल्या आल्या त्यांना विचारलं होतं, “यातलं कोण पूर्ण खोकं एकट्यानं करू शकतं?”

“कुणीच नाही,” बाई म्हणाल्या.

“शिकवलं नाही?”

“मुद्दाम नाही शिकवलं.”

आमच्या केंद्रात खोकं हातोहात होतं. एक जण पुठ्ठा घडीवर दुमडतो. गुंड्या त्याच्या दोन्ही बाजू उभ्या करतो. त्याच्या उजव्या हाताला टपालवाल्या काकांची लेक ठमी बसते, ती कडेच्या पट्ट्या, म्हणजे कान, आत बसवते. पुढचा झाकण लावतो. बाईंचं म्हणणं असं, की ज्याला पूर्ण येतं तो कोपरा धरून एकटा करत बसतो. हातोहात केलं, की एक जण आला नाही तर सगळी रांग अडते. रांग अडली, की त्याच्या घरी बघायला कुणीतरी जातंच. असंच एकदा गेले, तर एकाची आई तापानं पडलेली आणि तो उपाशी तिच्या उशाशी बसलेला.

मॅडमनी ते सगळं मन लावून ऐकलं. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी एकेकाला बाजूच्या टेबलाशी बसवून एकट्याला खोकं करायला दिलं. गुंड्यानं त्याचं काम केलं, दोन्ही बाजू उभ्या केल्या, आणि खोकं उजवीकडे पुढं धरलं. उजवीकडे ठमी नव्हती. उजवीकडे भिंत होती. तरी तो धरून बसला. हात भरून आला तरी खाली ठेवीना. बाई पुढं झाल्या तर मॅडमनी त्यांना खुणेनं थांबवलं. मग बऱ्याच वेळानं मॅडमनाच राहवलं नाही. त्यांनी ते खोकं हातात घेतलं.

“कान बसवा ना,” गुंड्या म्हणाला.

त्यांनी बसवले. वाकडे बसले. आणि मग कागदावर लिहिलं, ‘पूर्ण काम स्वतंत्रपणे करणारे : एकही नाही.’

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या डोळे सुजवून. बाईंना म्हणाल्या, “चूक मुलांची नाहीये, तक्त्याची आहे. ज्यांच्यात पोरगं मोठं झालं की वेगळं बिऱ्हाड करतं, अशा माणसांनी काढलेला तक्ता आहे हा. तुमच्या लोकांचं ‘कशासाठी’ वेगळं असेल. तो तक्ता आपण इथल्या घरच्यांना बसवूनच काढू. संस्थेला मी सांगते.”

म्हणून आम्ही आज इथं, डुगडुगत.

सुरुवात झकास झाली. पहिल्या चौकटीत काय घालायचं म्हणताच टपालवाले काका म्हणाले, “गाडी.” दुसरं कुणी म्हणालं, पुठ्ठा. मोठ्या बाई म्हणाल्या, जागा. मॅडम रंगीत चिठ्ठ्या लिहून चिकटवत होत्या.

“आणि बाई?” काका म्हणाले. “त्यांना कुठं चिकटवणार?”

“मला पुठ्ठ्याशेजारीच लावा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “निम्मा जन्म त्यातच गेलाय.”

“आणि आम्ही?” आईनं विचारलं. “आम्ही कुठल्या चौकटीत? का आम्ही नुसते प्रेक्षक?”

मॅडमना ते फार आवडलं. त्यांनी ‘आई-वडील’ अशी चिठ्ठी लिहून गाडीच्या वर लावली. आईनं मान वळवून मागं कुणी बघतंय का ते पाहिलं. तिला असं कुणी भिंतीवर लावलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

हळूहळू कागद भरत गेला. मॅडमनी शेवटच्या चौकटीपाशी येऊन संस्थेच्या तक्त्यातलं ‘स्वतंत्र जगणं’ चिठ्ठीवर लिहून लावून दाखवलं. “हे तुम्हाला कसं वाटतं? मोकळेपणानं सांगा. वाईट वाटून घेणारी मी नाही.”

“स्वतंत्र म्हणजे एकटं?” काका म्हणाले.

“तसंच काहीसं.”

“अहो मॅडम, मीच जन्मात कधी एकटा राहिलो नाही, ठमी काय राहणार? घराघरात टपाल टाकून आयुष्य काढलं, सगळ्या गावाचे पत्ते पाठ. पण ठमीची आई गेली तेव्हा स्वतःच्या घरात मीठ कुठं ठेवलंय ते मला सापडेना. शेवटी ठमीनं हाताला धरून नेऊन दाखवलं.”

सगळे हसले. काकाही हसले, पण जरा उशिरा.

“आपल्यात एकटं राहणाऱ्याला कुणी हुशार नाही म्हणत,” आई म्हणाली. “बिचारा म्हणतात. आणि तुम्ही त्याला पहिला नंबर देणार.”

मॅडमनी ती चिठ्ठी काढली. घडी करून खिशात ठेवली. चौकट रिकामी झाली. “मग इथं काय लिहू?” त्यांनी विचारलं. “हे सगळं करून शेवटी, खूप वर्षांनी, काय व्हायला हवं?”

पलीकडे पुठ्ठ्याचा आवाज येत होता. घडी, बाजू, कान, झाकण. इकडे कुणी चहाचा रिकामा कप तोंडाला लावला, कुणी चष्मा पुसला. मी खुर्चीचा पाय बघत होते. खूप वर्षांनी म्हटलं, की आमच्यातल्या कुणाला काही ऐकू येत नाही.

“त्यात काय एवढं?” शेवटी काका म्हणाले. “घरचे आहेतच की. माझा मुलगा आहे, सून आहे. लांब असतात, पण आहेत.”

काकांचा मुलगा गेल्या कित्येक वर्षांत ठमीला भेटायला आलेला नाही, हे त्या खोलीतल्या गठ्ठ्यांनाही ठाऊक होतं. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. परक्या बाईसमोर काकांचं झाकलेलं उघडं कोण पाडणार? आणि आज त्यांचं पाडलं, तर उद्या आपलं झाकायला तेच लागणार.

“आमच्यातही हेच,” मागून कुणीतरी म्हणालं. “पुतणे आहेत.”

“माझी ही आहे ना,” आई म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “सख्खी मोठी बहीण. अजून काय पाहिजे?”

माझ्या घरात दोन खोल्या, नवरा, सासरे, परीक्षेला बसलेली लेक. नवऱ्यानं एकदाच, पेपर वाचता वाचता, मान वर न करता विचारलं होतं, “तुझ्या भावाचं पुढं काय ठरलंय?” मी म्हटलं, “केंद्र आहे की.” त्यानं पान उलटलं. मी इकडे केंद्र पुढं करते आणि केंद्रात येऊन आई मला पुढं करते. मी हसले. अशा वेळी जसं हसतात तसंच.

मॅडमनी नव्या चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहिलं, ‘कुटुंबाचा आधार’. जाड चौकटीत लावली, बाण जोडला, आणि मागं सरकून बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. “किती वेगळं आहे हे,” त्या म्हणाल्या. “हा खरा तुमचा तक्ता.”

टाळ्या झाल्या. आईनं पण वाजवल्या आणि हात परत माझ्या गुडघ्यावर ठेवला. फक्त मोठ्या बाईंनी वाजवल्या नाहीत. त्या त्या चिठ्ठीकडे, दुधाचं पातेलं उतू जाताना लांबून बघावं, तशा बघत होत्या.

“आता एक नेहमीचा प्रश्न,” मॅडम म्हणाल्या. “तो प्रत्येक तक्त्याला विचारावाच लागतो. केंद्र नसतं, तर ही शेवटची गोष्ट झाली असती का?”

“म्हणजे?” आईनं विचारलं.

“म्हणजे केंद्र नसतं तरी घरच्यांनी सांभाळलं असतं का?”

“सांभाळलं असतं का म्हणजे काय!” काका खुर्चीत ताठ झाले. “पोटची पोर आहे, रस्त्यावर टाकणार का? केंद्र नव्हतं तेव्हा कोण सांभाळत होतं?”

“घरचे ते घरचे,” मागच्या पुतण्यावाल्या बाई म्हणाल्या.

“आम्ही काही कुणाच्या जिवावर नाही बसलो,” आई म्हणाली.

प्रश्नात घरचं नाक होतं, आणि नाकाच्या बाबतीत आमचे लोक कमी पडत नाहीत. चढाओढ लागली. मॅडम भराभर लिहून घेत होत्या. मग त्यांचा हात मंद झाला. मग थांबला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि मोठ्या बाईंकडे पाहिलं.

“बाई,” त्या म्हणाल्या, “हे असं गेलं तर...”

“कळतंय मला,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच सांगा त्यांना.”

मॅडम एका स्टुलावर बसल्या. मघाचा उत्साह गेला होता. “मी हे जसंच्या तसं लिहिलं, तर संस्था म्हणेल, शेवटचं जे साधायचंय ते यांच्या घरातच आहे. केंद्र असो नसो, ते होणारच आहे. मग भाडं कशाला भरायचं? गाडी कशाला?” त्यांनी खिशातली जुनी चिठ्ठी काढली, उलगडली. “आणि ही परत लावली, तर हिच्यापुढं एकही नाही, असं मीच लिहिलंय.”

आता मात्र सगळ्यांना एकदम ऐकू आलं.

“म्हणजे दोन्हीकडून कुलूपच,” काका हळूच म्हणाले.

“मग खोडा की ते!” मागून आवाज आला.

“खोडून काय लिहू?” मॅडमनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच हवं होतं. “या तक्त्याखाली एक पट्टी असते. आपण न बोलता जे धरून चाललोय ते तिथं लिहायचं असतं. गृहीत धरलेलं. संस्थेतले वरचे लोक ती पट्टी फारशी वाचत नाहीत, खोटं कशाला सांगू. पण तिथं काही असेल तर मी तेच पहिल्या पानावर घालीन. एवढंच माझ्या हातात आहे.”

“गृहीत म्हणजे, गाडी वेळेवर येईल,” काका म्हणाले. जुन्या सवयीनं विनोद करायला गेले, पण कुणी साथ दिली नाही.

“घरचे आहेतच, हे आपण धरून चाललोय. घरचे म्हणजे नेमकं कोण?” मॅडमनी विचारलं. “एकेकाचं सांगा. काका, तुमच्या ठमीचं?”

“मुलगा,” काका म्हणाले. मग छताकडे बघून, “फोन करतो तो. करतो म्हणजे, उचलतो.”

“आणि गुंड्याचं?”

सगळे माझ्याकडे वळले. दचकून नाही, सवयीनं. ताटं मांडली की भाताकडे बघावं तसं. मोठ्या बाई तेवढ्या बघत नव्हत्या. पलीकडे रांग थांबली होती. बहुधा पुठ्ठा संपला होता. गुंड्या हात मांडीवर ठेवून, डावीकडून काही येतंय का त्याची वाट बघत होता. मी तोंड उघडलं. ‘हो’ इतका लहान शब्द आहे. घशात आला होता. त्यामागून पेपरचं पान उलटल्याचा आवाजही आला होता. मी पुन्हा तोंड मिटलं. मॅडम पेन धरून थांबल्या होत्या, आणि मला वाटलं, आता जे कुणी बोलेल त्यानं केंद्राबिंद्राबद्दल बोलावं, तक्त्याबद्दल बोलावं, कशाबद्दलही बोलावं.

आईनं माझ्या गुडघ्यावरचा हात उचलला.

“लिही गं त्या पट्टीत,” ती मॅडमना म्हणाली. सकाळपासून अहो-जाहो करत होती, आता लेकीसारखं एकेरीत. “गुंड्याचं माझ्यानंतर कुणी नाही.”

“आई...” मी म्हणाले.

“थांब तू. ही बघणार नाही त्याला. मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ही हो म्हणाली असती. हो म्हणून घरी नेला असता, आणि वर्षाच्या आत कुठंतरी ठेवून आली असती. मग तो तिथं हात पुढं करून बसला असता.” ती माझ्याकडे बघत नव्हती. आवाज साधा होता, भाजीवाल्याशी बोलावा तसा. “तिला नाव ठेवत नाही मी. तिच्या जागी मी असते, तर मीही नसता ठेवला.”